हिरव्या टोपीला आलेली शिसारी

मित्रांनो, माझ्याजवळ येणार असाल तर आधी नाक दाबा. मी परदेशातल्या मिसिसागा शहरातल्या एका शाळेतली जुनी हिरवी टोपी आहे. मार्चमध्ये सेंट पॅट्रिक या आयरिश संताचा सण येतो, तेवढ्या एका दिवसापुरती मी खोक्यातून बाहेर निघते.

नवी होते तेव्हा माझी मखमल मऊ होती आणि मुलं मला जपून हाताळायची. आता विचारूच नका. कुणी माझ्यात नाक शिंकरलं, कुणी हिरवा रंग घातलेलं दूध सांडलं. कित्येक डोक्यांचं तेल माझ्या कडेला थापलं गेलं. मला धुवावं असं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. मला माझीच शिसारी येते.

त्याहून जास्त शिसारी चिमट्यांची येते. त्या दिवशी जो हिरवं घालत नाही त्याला चिमटा काढायचा, अशी इथल्या मुलांची रीत आहे.

यंदा पहिलीतली केझिया लाल फ्रॉक घालून आली. तिची आजी मेव्हिस वसईची. संताचा सण म्हटल्यावर तिने नातीला हौसेने नवाकोरा लाल फ्रॉक घातला. तिच्या गावी सणाला लालच शोभतं. इथे मुलांनी केझियाला घेरलं. "नो ग्रीन! वी गेट टू पिंच यू," म्हणत तिचे दंड लाल केले. वर ती मुलं हसत होती, त्याचीच मला घाण वाटली.

शेवटी बाईंनी मला तिच्या डोक्यावर ठेवलं. चिमटे थांबले. माझ्या वासाने पोरीला मळमळलं, तरी ती मला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली.

शाळा सुटल्यावर आजी न्यायला आली. "शी! संताच्या फेस्ताला एवढं घाण कोण घालतं गं?" म्हणत तिने मला काढायला हात घातला.

"डोन्ट टेक इट ऑफ, आजी. दे'ल पिंच मी," म्हणत केझियाने बाही वर केली.

आजी त्या डागांकडे बघत राहिली. "माझ्या लाल फ्रॉकपायी गं बाय," एवढंच म्हणाली.

मग बाईंना विचारून तिने मला घरी नेलं, बेसमेंटमध्ये बादलीत भिजवलं आणि खसाखसा घासलं. मळ गेला, त्याच्याबरोबर माझा हिरवा रंगही गेला.

आता मला साबणाचा वास येतो, पण मी पांढुरकी झाले आहे. पुढच्या वर्षी मी कुणाच्या डोक्यावर बसले तरी त्याला वाचवू शकणार नाही. ते काम आता तुमच्याकडे आलं आहे, मित्रांनो. चिमट्यासाठी पुढे केलेला हात तेवढा मागे घ्या.