आपोआप येणारी बाटली

बसा, बसा. जीप भरल्याबिगर राधेश्याम काही गाडी हलवत न्हाई. तवर आमच्या हसनाबादच्या कचरूअण्णाची गोष्ट ऐका, ताजीच हाये.

अण्णा व्यसनमुक्ती मंडळाचा अध्यक्ष. गावातल्या चिलमी यानं सोता दगडानं फोडल्या. बायको जाऊन चार वर्षं झाली, तवापासून याची झोप गेली ती गेलीच. पोरगा निखिल पुण्याला. त्यानं कुरियरनं एक बाटली धाडली. झोपेसाठी जिभेखाली थेंब टाकायचं तेल. पण बाटलीवर गांजाचं पान! अण्णानं ते खिळ्यानं खरडून काढलं. झोप मात्र यायला लागली. दर महिन्याला बाटली आली की गावभर सांगायचा, माझा निखिल बराबर याद ठेवतो.

मंग निघालं हर्नियाचं ऑपरेशन. निखिल दोन दिवसांची सुट्टी काढून जालन्याला दवाखान्यात आल्ता. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या गंधाली डॉक्टरीणबाई इचारायला आल्या. बिडी? न्हाई. दारू? न्हाई. गोळी-औषध काही? अण्णा म्हणला, बिलकुल न्हाई. तेलाला तो औषध धरतच नव्हता, अन् अध्यक्षानं गांजाचं नाव काढायचं कोणत्या तोंडानं? शेजारच्या खाटेपाशी गावचीच दुर्गाबाई कान देऊन बसलेली. निखिल मोबाइलात.

बाईंनी कागद मिटला. जाता जाता म्हणल्या, "काका, रात्री झोप येते का?"

चार वर्षांत हे त्याला कोणी इचारलंच नव्हतं. अण्णानं खिशातली बाटली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

बाई रागावल्या न्हाईत. म्हणल्या, हे घेणाऱ्याला कधी भूल जास्त द्यावी लागते, कधी माणूस नंतर लई येळ गुंगीत राहतो. पक्का अंदाज अजून कोणालाच न्हाई, म्हणून आधी सांगावं लागतं. घाईचं ऑपरेशन न्हाई. तेल बंद ठेवा अन् पुढच्या मंगळवारी या.

म्हणजे निखिलची सुट्टी वाया. अण्णा चोरावाणी त्याच्याकडं बघून राह्यला. निखिलनं मान वर केली.

"ती बाटली अजून येते, अण्णा? मी एकदाच मोबाइलवर ऑर्डर लावून ठेवली होती. दर महिन्याला आपोआप निघते ती. मी तर विसरूनच गेल्तो."

अण्णानं पोराला पुण्याच्या गाडीत बसवलं अन् एकटाच घरी आला. अध्यक्षाच्या खिशात गांजा निघाला म्हणून दुर्गाबाईनं गावभर केलं. त्याचं त्याला काहीच न्हाई. आता ना तेल, ना झोप. ओट्यावर बसून राहतो. परवा म्हणला, "त्या बाईंनी इचारलं ना, तेवढंच बरं वाटलं बघ."

आज मंगळवार. पहिल्या गाडीनं गेला. निखिलला सुट्टी न्हाई. मेव्हणा रामकिसन सहीपुरता येऊन जाणार. माझे गुडघे हे असे, मला काही जाणं जमत न्हाई. तुम्ही जालन्यालाच चाललात ना? दवाखाना स्टँडच्या मागंच हाये. तो शुद्धीवर आला की जरा त्याच्या खाटेवर टेका, अन् इचारा त्याला, अण्णा, झोप लागली का?