सहा रविवार, निरंक

"उपवासकाळातील सहाही रविवारी बालवर्गाची उपस्थिती निरंक असून, शिक्षिकेची अनास्था व पालकांचा मोहफुलांचा हव्यास ही त्याची कारणे होत. सबब वर्ग तूर्त बंद करण्यात यावा, आणि पुनरुत्थानदिनी पहाटेच्या उपासनेत टोल्यावरील मुलांऐवजी गोंदिया शहरातील मुलांनी वचने म्हणावीत."

मंडळीच्या कमिटीचा हा अहवाल सुलोचनाबाईंनी सोमवारी दुपारी तीनदा वाचला, तिसऱ्यांदा लाल पेन हातात घेऊन. छत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवल्यावर माणसाला खोट्या वाक्याचा वास यायला लागतो. या दोन वाक्यांना तो चांगलाच येत होता.

त्यांनी सुरुवात 'हव्यास' या शब्दापासून केली. दरेकशाच्या डोंगराला टेकलेल्या या टोल्यावर, म्हणजे वाडीवर, ख्रिस्ती घरे अठरा. आजोबांच्या पिढीत धर्म बदलला, पण रान बदलले नाही. फाल्गुन लागला की ज्याच्या वाट्याचे जे मोहाचे झाड, त्याच्या बुंध्याखालचा पालापाचोळा घरधनी झाडतो, जाळतो, जमीन काळी-स्वच्छ करतो, आणि मग महिना-दीड महिना पहाटे चारपासून सगळे घर त्या काळ्या जमिनीवर पडलेली पिवळी फुले वेचते. फूल उन्हाआधी उचलावे लागते, गुरांआधी उचलावे लागते आणि ते रविवार पाळत नाही. पावसाळ्यात तेल-मीठ घरात यावे म्हणून लहानथोरांनी अंधारात उठणे याला हव्यास म्हणायचे असेल, तर मग कष्टासाठी कमिटीने एखादा नवा शब्द घडवावा, असे बाईंनी समासात लिहिले.

'अनास्था' या शब्दाखाली त्यांनी नुसती रेघ ओढली. त्यावर त्या काही लिहिणार नव्हत्या.

खरा अपराधी शब्द होता 'निरंक'. शून्य लिहायला निदान मोजावे लागते. निरंक लिहिणाऱ्याला तेवढीही तसदी नसते. उपस्थिती निरंक, पण कुठे? मंडळीच्या कौलारू हॉलमध्ये, सकाळी सात वाजता, कुलपाच्या आत. त्या कुलपाची किल्ली चिटणीस इंद्रकुमारच्या कमरेला असते. आणि पहिले पाच रविवार त्याच वेळी वर्गाची अकराच्या अकरा मुले दोन फर्लांगांवर मोहाखाली बसून गोष्ट ऐकत होती. ज्याने चाळीस दिवस रानात उपास काढला, त्याची गोष्ट मुलांनी रानात ऐकली, एवढाच काय तो नियमभंग.

तोही परवानगीने झालेला. पाळक केशोराव तीन गावांच्या मंडळ्या सांभाळतात आणि रविवारी साडेनऊच्या गाडीने येऊन दहाची उपासना घेतात. उपवासकाळ लागण्याआधीच बाईंनी त्यांना विचारले होते. "मुलं जिथं असतील तिथं वर्ग घ्या, बाई," असे ते म्हणाले होते. म्हणाले होते, लिहून दिले नव्हते. जन्मभर कागदाला मान दिलेल्या बाईंनी एकदाच तोंडी शब्दावर भागवले, आणि कागदाने लगेच सूड उगवला.

वर्गाची रीत त्यांनी रानाकडूनच घेतली होती. एक टोपली भरली की गोष्टीतला एक प्रसंग. टोपली रिकामी तर गोष्ट थांबलेली. त्यामुळे मुलांचे हात कधी नव्हे इतके भरभर चालत आणि आयांची बाईंबद्दल तक्रार उरली नव्हती. पहिल्या रविवारी सैतान येशूला दगडांच्या भाकरी कर म्हणतो इथवर बाई आल्या, तेव्हा वर्गातली भूमिका नावाची मुलगी टोपली तशीच ठेवून उभी राहिली होती.

"बाई, मंग बनवाच्या ना! चाळीस दिस झाले, भूक तं लागलीच असन."

"बनवल्या असत्या तं गोट्याच्याच भाकरी खाल्ल्या असत्या सब्बन," टिंकू म्हणाला, "मंग आपल्याले वेचाचं कामच नव्हतं."

"तुले कामच नाही पायजे," चंदा म्हणाली. "सैतानाचा भाऊ."

"का वो बाई, हे मले सैतान म्हनते!"

"फक्त भाऊ म्हणाली," बाई म्हणाल्या. "चला, दुसरी टोपली. मग सांगते, त्यानं काऊन नाही म्हटलं ते."

दुसरी टोपली त्या दिवशी दहा मिनिटांत भरली.

पाच रविवारांत मुलांनी येशूच्या मरणापर्यंतची सारी कथा पाठ केली होती, आणि ईस्टरच्या पहाटेसाठी वचने वाटून घेतली होती. अंधार असतानाच बायका कबरेकडे निघतात, तो भाग भूमिकाचा. त्यावर मात्र तिने एकही प्रश्न विचारला नव्हता. अंधारात उठून निघणाऱ्या बायका तिला समजावून सांगाव्या लागत नव्हत्या. आता तिचे वचन गोंदियाची कुणी मुलगी म्हणणार होती. मंगळवारी बाईंनी मुलांना ते सांगितले तेव्हा कुणी रडले नाही. भूमिकाने एवढेच विचारले, "आमी काय केलं, बाई?"

ज्या प्रश्नाला उत्तर नाही तो शिक्षकाने घरी घेऊन जायचा असतो; बाईंनी तो बुधवारी कमिटीत नेला.

हॉलमध्ये टेबलाभोवती चौघे होते. पाळक केशोराव, चिटणीस इंद्रकुमार, सभासद लीलाधर आणि टेबलाच्या टोकाला बाई. अहवालावर शिक्षिकेची सही तेवढी उरली होती.

"बाई, उद्या कागद वर पाठवायचा आहे," केशोराव म्हणाले, स्वतः दिलेली तोंडी परवानगी आठवत असल्याने जरा अवघडून. "ईस्टरला वरच्या मंडळाचे साहेब स्वतः येणार आहेत. विषय लांबवू नये म्हणतो."

"सही करते. आधी हजेरीपट पाहू द्या."

इंद्रकुमार हसला. "त्यात काय पायता, बाई? सहा खाने, सहा निरंक. चौथीतल्या पोराले बी वाचता येते."

"चौथीत तुम्हाला मीच वाचायला शिकवलं, चिटणीससाहेब. म्हणूनच तपासून घेते."

ज्याला कालपर्यंत 'अरे' म्हटले त्याला बाई 'साहेब' म्हणू लागल्या की शाळेत पोरे हातपाय आवरून बसत. लीलाधर खुर्चीत सावरून बसला. त्याचीही चौथी त्याच शाळेत झाली होती.

इंद्रकुमारने हजेरीपट सरकवला, पण तोंड थांबवले नाही. "मी साफ सांगतो. मोहाखाली पवित्र शास्त्र शिकवनं मंडळीले शोभत नाही. त्याची दारू बनते. आज झाडाखाली वर्ग, उद्या म्हनाल भट्टीपाशी प्रार्थना ठेवा."

"द्राक्षाचं काय बनतं, ते आपल्याला ठाऊक असेलच," बाई पान उलटत म्हणाल्या. "प्रभुभोजनाला प्याला आपणच धरता."

लीलाधरला खोकला आला आणि बराच वेळ गेला नाही.

"सहावा रविवार," बाईंनी खान्यावर बोट ठेवले. "झावळ्यांचा. सकाळी सात. उपस्थिती?"

"लिहिलं हाये ना. निरंक."

बाईंनी पिशवीतून मोबाइल काढला, चष्मा वर-खाली करून मंडळीचा ग्रुप उघडला आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. फोटोत हॉलचे दार होते, दारात अकरा मुले होती आणि प्रत्येकाच्या हातात शिंदीची झावळी होती. त्या एका दिवशी आयांनी लेकरांना फुलांवरून सुट्टी दिली होती. टिंकूची झावळी टिंकूहून हातभर उंच. फोटोखाली ओळ होती: 'आपली लेकरे, आपला अभिमान'. वेळ सात वाजून बारा मिनिटे. पाठवणाऱ्याचे नाव वाचून दाखवायची गरज पडली नाही.

"झावळ्या कुणी कापून आणल्या होत्या?" बाईंनी विचारले.

"मीच," इंद्रकुमार म्हणाला. "पन तो जुलूस होता, बाई. क्लास नव्हता."

"मग 'वर्ग नव्हता' असं लिहायचं. हे अकरा अभिमान दारात उभे असताना आत निरंक कसं?"

"लिहिता लिहिता चुकलं असन एखादं."

"एका चुकीची सूट मी देते. शुद्धलेखनातही द्यायची. तिसरा रविवार घेऊ. त्या दिवशी सात वाजता हॉलमध्ये येऊन मुलं नाहीत हे कुणी पाहिलं?"

"मी पायलं."

"तिसरा?" लीलाधर बोटांवर रविवार मोजू लागला. त्याच्या मनात काही काळेबेरे नव्हते; त्याला फक्त तारीख जुळत नव्हती. "थांबा वो बाई. का गा भाऊ, तिसऱ्या रविवारी तं आपून सालेकशाले होतो ना? माह्या साळ्याच्या पोरीचा साखरपुडा. शनिवारीच गेलतो, सोमवारी आलो. तुमी तं दोन डाव बासुंदी घेतली."

केशोरावांनी मान वर केली. "उपवासकाळात?"

एवढ्या वेळात पाळकांच्या तोंडून आलेला हा पहिलाच शब्द होता ज्यात खरी वेदना होती. खोट्या हजेरीने त्यांना एवढे लागले नव्हते जेवढे बासुंदीने लागले, आणि सुलोचनाबाईंना त्या क्षणी कमिटी नावाच्या संस्थेचा सारा इतिहास उमगल्यासारखे झाले. पुदिना-जिऱ्याचाही दहावा हिस्सा मोजून देणाऱ्या, पण न्याय विसरणाऱ्या परूशी धर्मपंडितांवर प्रभू इतका का संतापला होता, हे त्यांनी अनेकदा शिकवले होते. समजले ते आज.

पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी हजेरीपट पाळकांपुढे ठेवला. "सहाही शब्द एका शाईचे, एका तिरकेपणाचे. सहा आठवड्यांत कुणाचंही अक्षर इतकं स्थिर राहत नाही. मी हजारो वह्या तपासल्या आहेत. घरचा अभ्यास आदल्या रात्री एकदम उरकलेला मला न वाचता कळतो."

केशोरावांनी हजेरीपट डोळ्यांजवळ नेला, दूर धरला, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. इंद्रकुमार फोनकडे बघत होता. फोन विझला तरी तो तिकडेच बघत राहिला.

"इंद्रकुमार," बाई म्हणाल्या. आता 'साहेब' गेला होता. "मला शिव्या द्यायच्या तर दे. अनास्था म्हण, म्हातारचळ म्हण. पण काल भूमिकानं विचारलं, आमी काय केलं? तिला मी काय सांगू? तू सांग. तुझ्याच तोंडानं सांग."

मग केशोरावांनी अहवाल उचलला, मधोमध आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. "हा अहवाल जाणार नाही. वर्ग चालेल, मोहाखाली चालेल, आणि हे मी लिहून देतो. रविवारी पहाटे वचनं टोल्यावरचीच मुलं म्हणतील. साहेबांना मी सांगेन." त्यांनी इतिवृत्ताची वही ओढली. "पण हे का झालं, ते यात आलं पाहिजे."

इंद्रकुमारने घसा खाकरला. "लिहा. सदर नोंदी करताना अनवधानाने..."

"अनवधान नको," बाई म्हणाल्या. "अहवालातल्या दोन वाक्यांनी अकरा मुलांचा ईस्टर गेला असता, तो असल्याच शब्दांनी. घरी बोलतोस तसं बोल. आणि पाळकसाहेब, तो बोलेल तसं उतरवा. काना-मात्राही कुणी सुधारायची नाही. मीसुद्धा नाही."

केशोरावांनी लिहिले. इतिवृत्तात तो मजकूर आजही तसाच आहे:

"हाव, सहाही निरंक मी एकाच दिशी लिहिले. उपवासकाळ लागला त्या बुधवारी, पयला रविवार उगवाच्या आंधी. हॉलचं कुलूप मी एकाही रविवारी क्लाससाठी उघडलं नाही. पोरं कोठी रायतात हे मले मालूम होतं, बाई कोठी शिकवून राहिल्या हे बी मालूम होतं. साहेब येनार होते. आपल्या पोराइच्या कपड्याले मोहाचा वास येते, बोलनं बी आपलंच, साहेबासमोर मले लाज वाटली. गोंदियाचे पोरं हिंदीत फटाफट बोलतात, म्हनून त्याइले बलावलं. माह्या मायनं मले मोह वेचूनच शिकवलं, माह्या कपड्याले बी तोच वास होता, ते साहेबाले कोनी सांगू नये वाटलं. पोराइनं काई केलं नाही. केलं ते मी केलं."