दोन काठांचा दोरखंड

मी एक जुना दोरखंड आहे, मित्रांनो. तीन पेडांचा, मनगटाएवढा जाड. स्केलगार्थ गावच्या इनॉक थॅकरे यांनी मला वळलं.

आमच्या गावाच्या मधून वेन नदी वाहते आणि तिच्या दोन काठांचं, उंचावरच्या वरच्या आणि चिखलातल्या खालच्या काठाचं, कधीच पटलं नाही. दरवर्षी ईस्टरआधीचे उपवास सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, पॅनकेकच्या मंगळवारी, दोन्हीकडचे गडी मला नदीवरून ताणत, रस्सीखेच खेळत. हरलेले गळ्याएवढ्या पाण्यात पडायचे, जिंकलेले काठावरून शिव्या घालायचे. जिंकणारे माझा मुका घेत, हरणारे माझ्यावर थुंकत. अशी अठरा वर्षं गेली.

इनॉक वरच्या काठाचे. त्यांची मार्था दोराला पीळ देतच वाढली आणि खालच्या काठाच्या विल्फ ऑर्मरॉडशी लग्न करून पुलापलीकडे गेली. सहा वर्षं बाप तिच्याशी बोलला नव्हता.

त्या वर्षी वरच्यांना सलग पाचवी हार नको होती. सकाळीच त्यांचा म्होरक्या जॉब हॅगार्थ आला.

"इनॉक, खालच्यांच्या टोकाला जरा चाकू लाव. उताणे पडतील साले, दोर आपल्याकडे येईल!"

"मी दोर वळतो, कापत नाही. चालता हो."

मग मला नदीवर नेलं. तिथे जॉबने कोटाच्या आडोशाने माझे दोन पेड कापले आणि वर चिखल फासला.

तिसऱ्या हिसक्याला मी तुटलो. माझं टोक चाबकासारखं उलटलं आणि खालच्यांच्या रांगेत सर्वांत पुढे उभ्या विल्फच्या डोळ्यावर बसलं. डोळा गेला.

"म्हाताऱ्याने सडका ताग वापरला!" जॉबने ओरड केली. सगळा वरचा काठ त्याच्यामागे ओरडू लागला.

मार्था पूल ओलांडून आली. माझं तुटकं टोक तिच्या हातात होतं.

"बाबा, झिजलेला पेड झाडूसारखा विसकटतो. तुम्हीच शिकवलंत. हे दोन सरळ कापलेत. कुणी?"

इनॉकनी जॉबकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"तुम्हाला माहीत आहे. नाव घ्या!"

"आपल्या काठच्या माणसाचं नाव मी कसं..."

"आपला काठ? तुमच्या जावयाचा डोळा गेलाय!"

जॉब हसला. "नवऱ्याला घरी ने, बाई. चिखलातली माणसं तुम्ही, तुम्हाला रडायची सवयच."

तेव्हा इनॉकनी त्याच्याकडे बोट दाखवलं. "याने. सकाळी मला कापायला सांगत होता. मी हाकललं, पण कुणाला सावध केलं नाही. तो गुन्हा माझा."

त्याच आठवड्यात वरच्यांनी इनॉकच्या दोर वळायच्या कारखान्याच्या काचा फोडल्या. इनॉक पुलापलीकडे राहायला गेले. मार्थाने त्यांना खोली दिली, माफी दिली नाही.

आता मी वरच्या काठाच्या संग्रहालयात असतो. पेटीवर पाटी आहे : 'स्केलगार्थच्या गमती. हलक्या तागामुळे तुटलेला दोरखंड.' लोक वाचतात, हसतात, पुढे जातात.

मित्रांनो, माझी धूळ पुसा असं मी म्हणत नाही. फक्त पाटी वाचून पुढे जाऊ नका. जरा वाका, आणि माझे दोन पेड नीट बघा.