कोपऱ्यातल्या घराची हाक

मित्रांनो, नदीकाठच्या बागेत शिरताना डोक्यावर एक पिवळी घंटा दिसते ना, ती मी. पिवळा रंग माझा नव्हे, तो मला फासला आहे. रंगाखाली मी काशाची आहे आणि तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच म्हातारी आहे.

ओताऱ्याने मला ओतले आणि पहिला टोला दिला, तेव्हा तो स्वतःच खूश झाला. "बाई, तुझा आवाज पलीकडच्या काठाला जाणार," तो म्हणाला. तसेच झाले. मला नावाड्यांच्या धक्क्यावर टांगले. तेव्हा पूल नव्हता. अख्खे गाव नावेतून ये-जा करी आणि नावाड्यांची घरे काठाला एका ओळीत होती.

माझ्याखाली सगळ्या ओळीची मावशी बसायची. अंगाने भरभक्कम, पण नजर घारीची. घरी परतणारी नाव लांबून दिसली की ती माझा दोर ओढी. कसाही नाही हं! प्रत्येक घराची हाक वेगळी होती. दोन लांब टोले आणि एक तुटका म्हणजे थोरल्या मामांचे घर. टोल्यांची नुसती सरबत्ती झाली की समजावे, रागीट काका आले. नव्या जावयाची हाक वाजली की सगळी ओळ दारात येई आणि त्याची बायको लाजून आत पळे. हाक झाली की त्या घरात चूल पेटे आणि एखादे पोर नावेचा दोर झेलायला धावत सुटे. एका नावाड्याला धक्क्यावरच पत्ते कुटायचे होते. त्याने मावशीला लाडीगोडी लावली, "आज माझी हाक विसर ना." मावशीने ती अशी दणकावून वाजवली की त्याची बायको हातातल्या लाटण्यासकट हजर झाली. काय दिवस होते ते!

मग पूल झाला. पुलाशी माझे भांडण नाही, चांगला मजबूत आहे. पण नावा पालथ्या पडल्या, घरे पाडली गेली आणि माणसे चहूकडे पांगली. त्या जागी बाग झाली. मला रंगवून कमानीत टांगले, दोर उंच गुंडाळला आणि खाली पाटी लावली, 'हात लावू नये'. बाग दाखवणारे पाहुण्यांना सांगत, "इथे पूर्वी काहीच नव्हतं हो, नुसतं रान."

काहीच नव्हते? माझ्या अंगाचा तिळपापड होई. पण घंटेला आपणहून बोलता येत नाही. मला भीती वाटू लागली, की हाका ओळखणारे शेवटचे माणूस गेले की ती ओळ खरोखरच कधी नव्हती असे होऊन बसेल.

एका सकाळी एक आजी नातीला घेऊन आल्या. "आजी, ही कशाला टांगलीय गं?" नातीने विचारले.

"कशाला म्हणजे? अगं, ही आमची जेवणाची वर्दी!" म्हणत आजींनी छत्रीच्या मुठीने दोर खाली ओढला.

माळी धावत आला. "आजी, पाटी वाचता येत नाही का?"

"येते की. पण मी पाटीच्या आधीची आहे."

आणि त्यांनी वाजवले. दोन लांब, एक तुटका. थोरल्या मामांचे घर!

बाकावर एक आजोबा तोंडावर टोपी ठेवून घोरत होते. ते ताडकन उठले आणि "टाका मामा, दोर टाका!" ओरडत थेट काठाच्या कठड्याशी धावले. दोन्ही हात पसरून उभे राहिले. समोर नुसते पाणी वाहत होते.

मग ते हळूच वळले. आजी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "बोंबल्या? शेजारचा बोंबल्या ना रे तू?"

"ठमे!" आजोबा म्हणाले आणि दोघे म्हातारे असे हसले, असे हसले, की डोळे पुसायला माळ्याने आपला पंचा दिला.

आता दर रविवारी ओळीतली माणसे येतात. कोणी हाक वाजवतो, कोणी ओळखतो, नातवंडे कठड्याशी दोर झेलायची नक्कल करतात. माळ्याने पाटी स्वतःच काढली. फक्त कोपऱ्यातल्या घराची हाक कोणालाच आठवत नाही. सगळे वाजवून पाहतात आणि मान हलवतात. "नाही, अशी नव्हती." त्या घरातले कोणी अजून आलेलेच नाही.

मला ती येते, मित्रांनो. माझ्या पोटात आहे, पण वाजवणारा हात हवा. म्हणून बागेत आलात की मला वाजवा, मनाला येईल तसे वाजवा. एखाद दिवशी चुकून तीच हाक लागेल. बाकावरचे कोणी म्हातारे माणूस दचकून उठले आणि नदीकडे धावले, तर हसू नका. त्यांचा हात धरा आणि विचारा, "तुमचं घर कोपऱ्यातलं का हो?"