एक अक्का, नऊ नवरे

छप्पन साली कानडी मुलखात, बळेपेटेतल्या एका मराठी गल्लीत मतदार यादीनं असा काही घोळ घातला, की नऊ सभ्य घरांतल्या नऊ सभ्य बायका एका सकाळी एकदम वर्तमानपत्रात आल्या. बातमीचा मथळा होता, ‘एक अक्का, नऊ नवरे!’

श्रीधरराव वकिलांनी तो मथळा कॉफी पिता पिता वाचला आणि कॉफी नाकात गेली. बातमी अशी होती, की कच्च्या मतदार यादीत एकाच गल्लीत ‘अक्का’ नावाची बाई नऊ वेळा नोंदलेली असून दर खेपेला तिचा नवरा वेगळा आहे. हा बोगस मतदानाचा डाव असावा, असा बातमीदाराचा तर्क होता. शेवटी त्यानं पदरचं एक वाक्यही घातलं होतं, की नवऱ्यांनी कृपया रांगेत यावं. बाईचं खरं नाव शोधायची तसदी त्यानं घेतली नव्हती, पण नऊही नवऱ्यांची नावं हुद्द्यांसकट छापली होती. चौथा नवरा श्रीधरराव, वकील.

“अगं, ऐकलंस का!” त्यांनी आत हाक मारली. “तो यादीवाला आला होता, त्याला तू नाव काय सांगितलंस?”

“अक्का,” आतून उत्तर आलं.

“अक्का? अक्का हे काय नाव झालं?”

अक्का पदराला हात पुशीत बाहेर आली. “मग काय आहे माझं नाव?” तिनं विचारलं. तिच्या मनात काही खोच नव्हती. पण श्रीधररावांनी पेपराची घडी केली आणि ते न्हायला निघून गेले.

आता यात चूक अक्काचीच होती, हे कबूल करायला हवं. पण ती चूक तिनं फार विचार करून केली होती. गेल्या निवडणुकीच्या वेळी यादीवाला आला तेव्हा परक्या पुरुषाला आपलं नाव कसं सांगायचं म्हणून गल्लीतल्या यच्चयावत बायकांनी दाराआडून सांगितलं होतं, ‘यांची बायको’, ‘त्यांची सून’. सरकारनं अशी बिननावाची सगळी माणसं यादीतून काढून टाकली. अक्काला याचा पत्ता नव्हता. मतदानाच्या दिवशी ती इरकली नेसून, नथ घालून केंद्रावर गेली, तासभर उन्हात उभी राहिली, आणि टेबलावरच्या कारकुनानं यादीवरून बोट फिरवून सांगितलं, “नाही. तुम्ही नाही.” तिच्या पुढं उभी असलेली भाजीवाली मुनियम्मा मत देऊन, शाईचं बोट मिरवीत बाहेर आली होती. ‘तुम्ही नाही’ हे दोन शब्द अक्काला पुढं पाच वर्षं, पोळी लाटताना, वाती वळताना, कधीही आठवायचे आणि कानशिलं तापायची.

म्हणून या खेपेला तिनं गल्लीत दवंडीच पिटली होती. “बायको म्हणून सांगू नका बायांनो! स्वल्प धीर करा. आपल्याला ज्या नावानं हाक मारतात ते नाव सांगा.” बायांनी ते तंतोतंत ऐकलं. गल्लीत थोरल्या बाईला सगळे अक्काच म्हणायचे. नऊ घरं, नऊ थोरल्या, नऊ अक्का. यादीवाला पोरगा दमलेला होता, त्यानं लिहून टाकलं.

दुपारी नोटीसही आली. येत्या शनिवारी तालुका कचेरीत अमलदारांसमोर सुनावणी. प्रत्येक अक्कानं जातीनं हजर राहून स्वतःच्या तोंडानं स्वतःचं आणि नवऱ्याचं नाव सांगायचं, नाहीतर नऊही नावं रद्द.

“जाऊ दे ना,” श्रीधरराव म्हणाले. “कचेरीत बायकांचा काय तमाशा! एक मत नसलं म्हणून काय राज्य बुडतंय?”

गेल्याच महिन्यात याच गृहस्थांनी मराठी मंडळात ‘राज्यघटना आणि स्त्री’ या विषयावर दोन तास व्याख्यान दिलं होतं. वर्तमानपत्रात त्याला पाऊण रकाना मिळाला होता. अक्कानं चाळीस माणसांचा उप्पिट्टू केला होता, त्याबद्दल ‘उपाहाराची व्यवस्था चोख होती’ एवढं आलं होतं, जणू उप्पिट्टू चुलीवर आपला आपणच झाला.

“मी जाणार,” अक्का म्हणाली. “तुम्ही आलात तर वकील म्हणून या, नाही आलात तर सरी, तेही चालेल.”

श्रीधरराव आले. नऊ नवऱ्यांपैकी आठ जणांना त्या दिवशी नेमकी काहीतरी कामं निघाली होती, तेव्हा सगळ्यांची वकिली त्यांच्याच गळ्यात पडली. काळा कोट चढवून ते कचेरीत बसले, आणि त्यांच्या मागं बाकांवर नऊ अक्का ओळीनं. पलीकडे तो बातमीदारही पेन्सिलीला टोक करून बसला होता.

अमलदार कन्नड माणूस, वयानं तरुण, स्वभावानं नेमस्त. त्यांनी सगळ्यांत थोरल्या अक्काला पुढं बोलावलं. ही सत्तरीची, कानांनी अधू.

“हेसरू?” अमलदारांनी विचारलं. आता कन्नडमध्ये हेसरू म्हणजे नाव आणि हेसरू म्हणजे मूगही. परका पुरुष आपलं नाव विचारील, हे म्हातारीला सत्तर वर्षांत कधी सुचलंच नव्हतं, त्यामुळं तिनं दुसरा अर्थ धरला.

“घरात आहेत की,” ती म्हणाली. “पण भिजवले नाहीत.”

हे ऐकून शिपायालाही हसू आवरेना. शेवटी वकिलांच्या अक्कानं तिच्या कानाशी ओरडून प्रश्न समजावला, तेव्हा म्हातारी लाजून चूर झाली आणि म्हणाली, “कृष्णाबाई. लिहा बा, कृष्णाबाई. देवा, काय काय सांगावं लागतं!”

दुसरी होती पुष्पावती. तिनं आपलं नाव धीटपणे सांगितलं, पण नवऱ्याचं कसं घ्यायचं? मराठी बाई नवऱ्याचं नाव घेते ते उखाण्यातच. तिनं डोळे मिटले आणि म्हटलं,

“यादीत नाव घालायला कचेरीची पायरी चढते,
हयवदनरावांचं नाव अमलदारांपुढं घेते.”

बाकांवरच्या बायकांनी माना डोलावल्या. कारकुनाला मराठी येत नव्हतं, पण हुकूम होता की बाई जे सांगेल ते लिहायचं. नवऱ्याच्या रकान्यात त्यानं ते सगळंच लिहिलं, पायरीसकट. रकाना पुरला नाही म्हणून समासात गेला.

असे सात उखाणे झाले. अमलदारांनी दोनदा पाणी मागवलं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “शेवटच्या बाई.”

अक्का उभी राहिली.

“नाव?”

उखाणा तिनंही तयार केला होता, चार ओळींचा, चांगला यमक जुळवून. अडलं होतं ते निराळ्याच ठिकाणी. ती श्रीरंगपट्टणची, नदीकाठी जन्मलेली, म्हणून बापानं नाव ठेवलं होतं कावेरी. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सासरी तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, कृष्णवेणी. एका नदीतून काढून दुसरीत सोडली म्हणायची. पण त्या नावानं हाक मारायला कुणाला सवडच झाली नाही. आधी ती ‘नवी सून’ होती, मग ‘अगं’, मग अक्का. आता यांतली यादीतली बाई कुठली? खरं नाव कोणतं ते तिलाच ठरवायचं होतं, आणि आजवर तिला काहीच ठरवायला कुणी सांगितलं नव्हतं.

अमलदारांना वाटलं, बाई लाजतेय. ते श्रीधररावांकडं वळले. “वकीलसाहेब, तुमच्या पक्षकाराचं नाव?”

श्रीधरराव रुबाबात उठले. कोट सारखा केला. घसा साफ केला. मग ते वर पाहू लागले. वर पंखा होता.

“नाव, वकीलसाहेब.”

“हो, हो. नाव म्हणजे… कृष्ण…” श्रीधरराव पंख्याला म्हणाले, “कृष्णा… कृष्णाबाई!”

“मी इकडं आहे की!” मागून म्हातारी कडाडली. नेमकं एवढंच तिला ऐकू आलं होतं.

कचेरी खदखदून हसली. अमलदार हसले, शिपाई हसला, आठ अक्का पदर तोंडात घालून हसल्या. अक्काही हसली, कारण सगळे हसत होते. पण तिला लागलं होतं, फार लागलं होतं. बत्तीस वर्षं या माणसाच्या पानावर तिनं तूप वाढलं. त्याला दंडविधानाची कलमं पाठ होती, दोन पिढ्यांचे न्यायाधीश पाठ होते. आणि त्यानंच दिलेलं तिचं नाव त्याच्या लक्षात नव्हतं. ‘तुम्ही नाही’ म्हणणारा कारकून बिचारा परका तरी होता.

तिनं उखाणा गिळला.

“नवऱ्याचं नाव श्रीधर,” ती म्हणाली. राव नाही, पंत नाही, नुसतं श्रीधर. बाकांवरचं हसू पटकन थांबलं. पुष्पावतीनं तर कानांवर हात ठेवले. “आणि माझं नाव कावेरी. लिहून घ्या.”

कारकून लिहू लागला, तोच श्रीधररावांना कंठ फुटला. “हरकत आहे! कृष्णवेणी! आठवलं, कृष्णवेणी! लग्नात मी स्वतः लिहिलंय तांदळावर. कावेरी हे माहेरचं. ते लग्नाबरोबर संपलं.”

“कोणत्या कलमाखाली?” कावेरीनं विचारलं.

आता ही बाई काही कायदा शिकलेली नव्हती. पण बत्तीस वर्षं ओसरीवर येणाऱ्या प्रत्येक अशिलाला नवऱ्यानं विचारलेला हा प्रश्न भिंतीपलीकडून तिच्या कानांवर पडत आला होता. तिनं तो त्याच सुरात विचारला, भुवई वर करून.

अमलदारांनाही तो प्रश्न आवडला. “खरंच, वकीलसाहेब. लग्नानंतर बाईचं पहिलं नाव संपतं, हे कोणत्या कलमाखाली?”

श्रीधररावांनी पुढ्यातलं जाडजूड पुस्तक उघडलं. अनुक्रमणिका पाहिली. मागची सूची पाहिली. मधेच एकदा पुस्तक उलटंही धरलं. माणूस हट्टी होता, पण कायद्याशी खोटं बोलायचा नाही, हे त्याच्याबद्दल सांगायलाच हवं.

“कलम नाही,” ते अखेर म्हणाले. “रूढी आहे.”

“माझ्या फॉर्मात रूढीचा रकाना नाही,” अमलदार म्हणाले आणि कारकुनाला खूण केली. “कावेरी. पती, श्रीधर.”

“श्रीधरराव,” वकील क्षीण आवाजात म्हणाले.

“बाईंनी सांगितलं तसंच लिहायचं, असा हुकूम आहे.”

दुसऱ्या दिवशी त्याच वर्तमानपत्रात दुरुस्ती छापून आली. ‘श्रीधरराव वकील यांच्या परिश्रमांमुळे नऊ महिलांना मताधिकार. वकीलसाहेबांच्या पत्नीही या वेळी उपस्थित होत्या.’ कावेरीनं ती बातमी दोनदा वाचली आणि तो कागद मिरच्या वाळत घालायला घेतला.

घरात मात्र बोलणं अवघड होऊन बसलं. श्रीधररावांना ‘अगं’ म्हणायचं धाडस होईना, आणि दुसरं काही तोंडातून निघेना. मीठ हवं असलं की ते ताटाच्या कडेवर बोटानं टिचक्या मारत. गल्लीतल्या पुरुषांनी त्यांना ‘पती, श्रीधर’ म्हणायला सुरुवात केली होती. एकदोनदा कावेरीनं त्यांना देवघरात एकटं बसून काहीतरी पुटपुटताना पाहिलं. जप असेल असं तिला वाटलं.

सत्तावन्न साली मतदान झालं. शाळेच्या पटांगणात बायकांची रांग एकीकडे, पुरुषांची दुसरीकडे. आठ अक्का नथी घालून आल्या होत्या. दारातला कारकून यादी पाहून नावं पुकारत होता आणि बायका एकेक करून आत जात होत्या. कृष्णाबाई गेली. पुष्पावती गेली.

“कावेरी!” कारकून ओरडला.

कुणी हललं नाही.

“कावेरी!”

कावेरीनंही मागं वळून पाहिलं, ही कोण बाई झोपलीय म्हणून. कचेरीत नाव घेणं वेगळं. त्या नावानं हाक तिला तेराव्या वर्षानंतर कुणी मारलेलीच नव्हती, तर कानांना ती ओळखू यायची कशी?

“कावेरी नाही का? बरं, पुढचं नाव…”

“आहे, आहे!” पुरुषांच्या रांगेतून कोणीतरी केवढ्यानं तरी ओरडलं. पटांगणातली सगळी डोकी तिकडं वळली. श्रीधरराव वकील रांग सोडून पुढं आले होते, टोपी तिरकी झाली होती आणि तोंड लालबुंद. “कावेरी! अगं कावेरी, तुलाच बोलावतायत! जा ना आत!”

दोन्ही रांगा हसल्या. कुणीतरी शीळही घातली. श्रीधरराव जागचे हलले नाहीत, आणि आणखी एकदा, नीट सावकाश म्हणाले, “कावेरी.”

ती दारापर्यंत गेली. कारकुनानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मघापासून ओरडून त्याचा घसा बसला होता.

“कावेरी तुम्हीच ना?” त्यानं विचारलं.

“मीच,” ती म्हणाली, आणि शाईसाठी बोट पुढं केलं.