गादीवाल्याची लेक

आपलं म्हणणं खरं ठरलं तर पदरात काय पडणार, हे ठकीच्या आईला पक्कं ठाऊक होतं: लेकीचं शाळेचं एक सलग वर्ष आणि नवऱ्याचा अबोला. अबोल्याला ती भीत नव्हती. त्या माणसाला आठवडाभर गप्प राहणं कधी जमलेलं नव्हतं. म्हणून ती वही घेऊन डॉक्टरीणबाईंसमोर ठाण मांडून बसली.

ठकी नऊ वर्षांची. लघवीतून प्रथिनं वाहून जाण्याचा किडनीचा आजार चौथ्या वर्षापासून मागे लागलेला. रोज सकाळी आई लघवीत कागदी पट्टी बुडवायची. पिवळी राहिली तर शाळा. हिरवी झाली तर डोळे सुजणार, गोळ्या सुरू, गाल भोपळ्यासारखे. पट्टीचा रंग वहीत जायचा, आणि शेजारी पोरीचं जे जे दिसेल ते.

"पाचही वेळा बघा. आधी आठ-दहा दिवस शिंका, मग हिरवी."

"सर्दी असेल."

"ताप नाही, घसा नाही. नुसती शिंकते न् डोळे चोळते. तेही गोळ्या थांबल्या की लगेच."

डॉक्टरीणबाईंनी वही ओढून घेतली, पानं उलटली. "या मुलांमध्ये अॅलर्जी जास्त दिसते खरी. कशामुळे काय होतं, ते छातीठोक नाही सांगता येत. अॅलर्जीचं औषध देते, धूळ कमी करून बघू. किडनीच्या गोळ्यांना मात्र मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि काय हो, गोळ्या थांबल्या की घरी असं काय करता तुम्ही?"

ती काहीच करत नव्हती. करत होता तिचा नवरा.

तो गादीवाला. पुढच्या खोलीत कापूस पिंजायचा, मागच्या खोलीत संसार. गोळ्या थांबल्या की त्याचा आनंद पोटात मावत नसे. लगेच लेकीची गादी उसवायची, जुना कापूस नव्याने पिंजायचा, ठासून भरायचा. पाचदा बरी झाली, पाचदा गादी पिंजली. एवढे लाड गल्लीत कुणाचे झाले नसतील.

"म्हणजे मी केलं?" त्याची सुई गादीतच थांबली.

"तुम्ही नाही, धुळीनं. तेही बाई 'बघू' म्हणाल्यात."

"याच धुळीत मी चाळिशीचा झालो."

"तुमच्या किडनीचं कोण विचारतंय? एवढी हौस असेल तर माझी गादी पिंजा. लग्नापासून गोळे टोचतायत."

त्याला हसू येत होतं, ते त्याने गिळलं.

अबोला दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी पिंजायचं सगळं सामान त्याने गल्लीच्या टोकाच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं. तिथून आल्यावर आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय तो लेकीला जवळ घेईना. आणि एका दुपारी, पुसून घेता येईल अशा खोळीची फोमची गादी डोक्यावर घेऊन तो गल्लीतून चालत आला.

इस्त्रीवाल्याने हटकलंच. त्याच्या घरातल्या चारही गाद्या याच्या हातच्या. "काय राव, तुम्ही न् विकतची गादी?"

"पोरीला माझी मानवत नाही," तो म्हणाला आणि पुढे गेला.

वर्षभर पट्टी पिवळी आहे. त्यात औषधाचं किती, गादीचं किती, हे डॉक्टरीणबाई सांगत नाहीत, वहीतूनही निघत नाही. लेकीला वर्ष मिळालं, आईचा शब्द राहिला. किंमत मोजली ती गादीवाल्याने: गल्लीतली सगळी पोरं त्याच्या हातच्या गादीवर झोपतात, एक सोडून.