गोळीची वेळ

"चीज खाल्लंत? कोला प्यायलात? गुपचूप दूध?" डायलिसिसच्या सिस्टरनं रिपोर्ट हातात धरून विचारलं. खाटेवरच्या बाईनं नुसती नकारार्थी मान हलवली. शेजारी स्टुलावर बसलेल्या तिच्या नवऱ्याला मात्र खात्री वाटेना. रक्तातला फॉस्फरस पुन्हा वाढला होता. कुठंतरी पाणी मुरत होतं, एवढं नक्की.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. बंद लिफ्टमधला दोष शोधण्यात अख्खा जन्म गेलेला, पण इथं बिचाऱ्याचं डोकंच चालेना. मशीन रक्त धुतं, तरी फॉस्फरस सगळा काही निघत नाही. म्हणून जेवताना गोळी. ती पोटातल्या अन्नातला फॉस्फरस धरून ठेवते, रक्तात उतरू देत नाही, हे सिस्टरनं त्याला नीट समजावलं होतं. आणि गोळीत तर कसूर नव्हतीच. दोन्ही वेळा ताटावर बसला की तो आधी बायकोच्या तळहातावर गोळी ठेवायचा. ती एका हातात डाव धरून, उभ्याउभ्याच गिळून टाकायची. मग तो निवांत जेवायचा. दुपारी जेवला की कामावर, रात्री जेवला की आडवा.

मग राहिलं काय? बायको चोरून खाते, दुसरं काय! डॉक्टरांनी तर बजावलंच होतं, पुढचा रिपोर्टही असाच आला तर फॉस्फरसमुळे वाढलेल्या गळ्यातल्या ग्रंथींचं ऑपरेशन करावं लागेल. ती धसका घेऊन बसली होती. त्या फॉस्फरसनंच अंगाला इतकी खाज, की दोन्ही हात ओरखड्यांनी भरलेले. एवढं भोगणारी बाई चोरून कशाला खाईल? पण मग फॉस्फरस वाढतो कसा? त्याला काही उमगेना. तो दुधाचं पातेलं झाकण काढून बघायला लागला, आणि बघून झालं की त्याची त्यालाच लाज वाटायची.

एके दिवशी तो जेवून निघाला, पण दुपारचं काम रद्द झालं आणि तो लगेच घरी परतला. बायको ओट्याशी उभी, पातेल्यातूनच खात होती. सापडली एकदाची!

"आता काय खातेस?"

ती दचकली. "जेवतेय."

"मग मघाशी?"

"मघाशी तुम्ही जेवलात."

त्यानं पातेल्यात डोकावून पाहिलं. चीज नव्हतं, काही नव्हतं. त्याच्याच जेवणातली उरलेली भाजी आणि भात. तो कधी पातेल्याकडे बघे, कधी घड्याळाकडे. सगळं आवरल्याशिवाय आपल्याला घास जात नाही, हे तिनं अगदी सहज सांगितलं. म्हणजे गोळी रोज त्याच्या जेवणाच्या वेळी तिच्या रिकाम्या पोटात जात होती, आणि ती जेवायची तेव्हा गोळीचा पत्ता नसायचा.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या काळजीनं द्यायचात. मला वाटलं, तीच वेळ असेल."

इतके दिवस आपण हिच्यावर पाळत ठेवली, या विचारानं तो खजील झाला.

रात्री त्यानं टेबलाजवळची दुसरी खुर्ची ओढली. तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग, कायमचाच. ढीग उचलून तो घरभर फिरला, शेवटी पलंगावर ठेवून आला. बायको खुर्चीच्या टोकावर अवघडून बसली आणि लगेच वाढायला उठू लागली. त्यानं तिला खांद्याला धरून खाली बसवलं, डाव घेतला आणि तिथंच अडला.

"तुला किती वाढू गं?"

ती गोंधळली. म्हणाली, "उरेल तेवढं खाते मी. किती, ते मलाही नाही माहीत."

त्यानं तिच्या ताटात भात वाढला, थोडा काढून घेतला, पुन्हा वाढला. ताटाच्या कडेला गोळी ठेवली. मग स्वतःच्या ताटाला हात न लावता, ती पहिला घास घेईपर्यंत बसून राहिला.